मुलांना टीन कॉमेडी दाखवण्याआधी: चावटपणा मोजायचा कसा?

सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी ते बारावीच्या मुलांसाठी सिनेमा लावायचा ठरला, की यादीत सगळ्यात वर शाळा-कॉलेजातली एखादी कॉमेडी असते. ती मुलांनीच सुचवलेली असते आणि निम्म्यांनी मोबाइलवर आधीच पाहिलेली असते. मग समितीतलं कोणीतरी म्हणतं, "त्यात जरा घाण आहे म्हणे," आणि चर्चा तिथेच आटोपते. एक तर सिनेमा बाद होतो, नाहीतर "आजकालच्या मुलांना सगळं ठाऊक असतं" म्हणत तो लावला जातो. दोन्ही वेळा सिनेमा कोणी पाहिलेला नसतो. पाहून ठरवायचं असेल तर दीड तासाच्या सिनेमाला अडीच-तीन तास द्यावे लागतात. सोबत वही-पेन आणि थोडी निर्लज्जपणाची तयारी हवी.

शिव्या मोजणं सोपं असतं, म्हणून सगळे शिव्याच मोजतात. पण या जातीच्या सिनेमात मुलांना जे खरोखर लागतं, ते बहुतेक वेळा स्वच्छ भाषेत असतं. जाड मित्राची फजिती, चष्मेवाल्या मुलीवर लावलेली पैज, लपवलेला कॅमेरा यांत एकही शिवी नसते, त्यामुळे सर्टिफिकेट बघून काही कळत नाही. शिवीपेक्षा नेम कोणावर धरलाय हे बघायचं, आणि खालचं सगळं त्याचसाठी आहे.

सर्टिफिकेट कुठपर्यंत कामाचं

चित्रपटगृहात लागणाऱ्या प्रत्येक सिनेमाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं सर्टिफिकेट लागतं. मंडळाचं मुख्यालय आपल्या मुंबईतच आहे आणि कायदा १९५२ चा आहे. यू (सगळ्यांसाठी) आणि ए (फक्त प्रौढांसाठी) हे वर्ग जुने, यूए (पालकांच्या सल्ल्याने) आणि एस (डॉक्टरांसारख्या खास गटांसाठी) १९८३ मध्ये आले. २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. इथे बऱ्याच पालकांचा गोंधळ होतो. यूएपुढचा आकडा ही पालकांना दिलेली सूचना आहे, दारावरची बंदी नव्हे. ए मात्र बंदीच आहे, अठरा पूर्ण नसतील तर प्रवेश नाही. म्हणून मुलांच्या खेळासाठी ए सिनेमा वही उघडण्याआधीच यादीतून काढा, त्यावर बैठक घेऊ नका.

ओटीटीवरचा आकडा वेगळा असतो. २०२१ च्या आयटी नियमांनुसार तिथे यू, ७+, १३+, १६+ आणि ए हे वर्गीकरण तो मंच स्वतः करतो, मंडळ करत नाही. त्यामुळे थिएटरात कापून लागलेला सिनेमा घरच्या टीव्हीवर अख्खा दिसू शकतो आणि दोन ठिकाणचे आकडे जुळतीलच असं नाही. सिनेमा सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात वयाचा आकडा आणि कारणं काही सेकंद झळकतात. तिथे थांबवा आणि कारणं उतरवून घ्या. 'भाषा' लिहिलंय की 'लैंगिक आशय' की 'नशा', यावरून पुढे कशावर लक्ष ठेवायचं ते कळतं.

सिनेमा अमेरिकन असेल तर तिथला वर्गही बघा. पीजी-१३, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा, हा वर्ग तिथे १९८४ मध्ये आला. आर म्हणजे सतराच्या आतल्यांनी पालकांसोबतच यायचं. पीजी-१३ मध्ये ती सगळ्यात कडक इंग्रजी शिवी साधारणपणे एकदाच आणि नुसता उद्गार म्हणूनच चालते, त्यामुळे अनेक सिनेमांत ती एक जागा राखून ठेवल्यासारखी दिसते. ब्रिटनचं मंडळ भाषेला जरा सैल आहे. अमेरिकेत आर मिळालेल्या कितीतरी कॉमेडी तिथे १५ च्या वर्गात बसतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की घाण शब्दांची आहे की दृश्यांची, याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या मंडळाची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं द्व्यर्थी शब्दांना हरकत घेतात, स्त्रियांना हीन दाखवणाऱ्या दृश्यांना घेतात, अपंगांच्या टिंगलीलाही घेतात. पण वर्गातल्या लठ्ठ मुलाचं नाव त्यात कुठे नाही. ते काम तुमच्याकडे राहतं.

बसण्याआधी

मुलं जी प्रत बघणार आहेत, नेमकी तीच बघा. एकाच सिनेमाची थिएटरची प्रत, टीव्हीची प्रत आणि परदेशात 'अनरेटेड' म्हणून विकली गेलेली प्रत अशा तीन आवृत्त्या फिरत असतात. अनरेटेड म्हणजे ती आवृत्ती तिथल्या मंडळाकडे गेलेलीच नाही, आणि जास्तीचं जे घातलेलं असतं ते सहसा उघडंवाघडंच असतं. ओळखायची खूण म्हणजे लांबी. ब्रिटिश मंडळाच्या संकेतस्थळावर लांबी मिनिट-सेकंदांत मिळते. तुमच्या प्रतीत तीन-चार मिनिटं जास्त दिसली तर ती का, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भाषेचा ट्रॅकही तोच ठेवा. हिंदी डबमध्ये कडक इंग्रजी शिवीचं 'कमीने' होतं आणि सिनेमा निम्मा सौम्य वाटतो. समितीने हिंदीत पाहिला आणि खेळाच्या दिवशी लॅपटॉपवर इंग्रजी ट्रॅक लागला, हा घोटाळा अगदी ठरलेला. डबिंगवाले उलटंही करतात. मूळ संवादात नसलेला पांचट यमकी विनोद रिकाम्या जागेत भरतात.

इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, शक्यतो ऐकू न येणाऱ्यांसाठीची. त्यात पाठीमागे पुटपुटलेले शेरेही येतात, आणि या सिनेमांतला सगळ्यात चावट माल तिथेच असतो. सबटायटलची फाइल हाताशी असेल तर ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून शब्द शोधा. प्रत्येक ओळीला वेळ जोडलेली असते, त्यामुळे शिव्यांचा हिशेब पाच मिनिटांत होतो आणि सिनेमा बघताना डोकं मोकळं राहतं.

प्रेक्षकांनी भरलेली पालक-मार्गदर्शक पानं आधी वाचून घ्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. सिनेमांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावरच्या पानात लैंगिक आशय, हिंसा, शिव्या, नशा आणि भीतिदायक प्रसंग असे पाच कप्पे आहेत. टिंगलीचा कप्पा नाही. शिवाय लिहिणारे बहुतेक परदेशी. चुंबन त्यांना किरकोळ वाटतं, आणि 'थँक्यू, कम अगेन' थाटात मान हलवत बोलणारा भारतीय मुलगा विनोद म्हणून आणून बसवला असेल तर त्याची नोंदही होत नाही. आपल्या हॉलमध्ये त्या जागी सगळी मुलं गप्प होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसतात.

सिनेमा दीडपट वेगाने बघायचा नाही, मोबाइलवर लोकलमध्ये उभ्याने बघायचा नाही आणि मित्रमंडळीत बसूनही बघायचा नाही. वेग वाढवला की विनोदाचा ठेका मोडतो आणि चांगला विनोदही रद्दी वाटतो. चार मित्र असले की उलट होतं, रद्दीलाही हशा मिळतो. एकट्याने, रात्री जेवणानंतर, सलग बघा. आणि शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. फसलेल्या टेकचे तुकडे तिथे लावतात, आणि सिनेमात न बसलेली एखादी घाणेरडी ओळ त्यातच सापडते.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक चावट किंवा टवाळ प्रसंगाला एक ओळ. ओळीत वेळ, काय घडलं, कोणावर, तुम्हाला हसू आलं का, आणि एक अक्षर: ल, कि किंवा इ. म्हणजे लाज, किळस किंवा इजा. हे तीन प्रकार वेगळे ठेवले नाहीत तर पुढचा सगळा वाद धुरळ्यात जातो.

लाज म्हणजे मुलाशेजारी बसून ते बघताना तुम्हाला जे वाटतं ते. बापाने मुलाला 'त्या' विषयावर समजवायला घेतलेलं आणि दोघंही घामाघूम झालेले, हा प्रसंग या सिनेमांत नेहमीचाच. त्यात वाईट काही नसतं, उलट कधी कधी शाळेतल्या तासापेक्षा तो बरा असतो. अवघडतो तो मोठा माणूस. त्यावर इलाजही सोपा आहे. खेळाच्या दिवशी मोठ्यांनी मागच्या रांगेत बसावं, मुलांच्या मध्ये बसू नये.

किळस म्हणजे ओकाऱ्या, पादणं, तुंबलेला संडास, चुकून प्यायलेलं भलतंच काही. तेरा वर्षांच्या मुलांना यात स्वर्ग दिसतो आणि सोळाव्या वर्षी ती गोडी ओसरते. नुकसान शून्य, फक्त समोसे सिनेमाच्या आधी वाटा.

इजा म्हणजे ज्या विनोदाने हॉलमधल्या कोणाला तरी लागतं, किंवा कोणाला तरी लावायची युक्ती मिळते. खरं वजन इथे टाकायचं. किळसेच्या दहा ओळी आणि इजेची एकही नाही, असा सिनेमा लावायला हरकत नाही. उलट एकही शिवी नसलेला पण इजेच्या चार ओळींचा सिनेमा समितीला हमखास 'कौटुंबिक' वाटतो, आणि तोच नडतो.

वहीतल्या नोंदी साधारण अशा दिसतात. ००:१२, प्राचार्यांच्या गाडीत ओकारी, नायकावरच, हसू आलं, कि. ००:३१, पोहण्याच्या तलावावर जाड मित्र घसरगुंडीत अडकतो, सगळे फोन काढतात, हसू नाही, इ. ००:४७, आईला गादीखाली मासिक सापडतं, आईवर आणि मुलावर दोघांवर, हसू आलं, ल. ०१:०२, मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत फोन ठेवला, मुलींवर, हसू नाही, इ, पुढे काय झालं ते बघणे.

सिगारेट-दारूसाठी वेगळी मेहनत नको. पडद्यावर तंबाखू दिसला की खाली इशाऱ्याची पट्टी येते, ती किती वेळा आली ते मोजा. दारूबद्दल एक संदर्भ मात्र मुलांना द्यावा लागतो. अमेरिकेत पिण्याचं किमान वय २१ आहे, म्हणजे पार्टीत लाल प्लास्टिकचे पेले घेऊन नाचणारी ती शाळकरी पोरं तिथेही कायदा मोडत असतात. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५. आणि पडद्यावरची ती 'सोळा वर्षांची' मंडळी बऱ्याचदा विशी ओलांडलेले नट असतात. दाढीची सावली आणि तयार दंड बघून आपल्या नववीच्या पोरांना स्वतःत काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं, म्हणून हेही सांगून टाकावं.

मुळात विनोद आहे का

चावट विनोद चांगला की वाईट, हे घाणीच्या प्रमाणावर ठरत नाही. त्याला सेकंद मोजणे हा साधा उपाय आहे. बांधणीला किती सेकंद दिले आणि घाणीला किती, ते मोजा. प्राचार्यांच्या गाडीतली ओकारी घ्या. पोरगा तोंड दाबून बसलाय, प्राचार्य शिस्तीवर बोलतायत, सिग्नल लाल आहे, काच खाली होत नाही, प्राचार्य पेढा पुढे करतात. अशी चाळीस सेकंदांची बांधणी आणि तीन सेकंदांची ओकारी असेल तर हसू बांधणीने येतं, ओकारीने फक्त सुटका होते. हेच उलटं असेल, पाच सेकंदांत ओकला आणि पुढची तीस सेकंदं कॅमेरा त्यातच रुतून बसला, तर लेखकाकडे विनोद नव्हता म्हणून त्याने बादली ओतली, असं समजा.

दुसरी चाचणी गाळण्याची. घाणेरड्या शब्दाच्या जागी 'अमुक' घालून तो संवाद मोठ्याने म्हणा. तरी हसू आलं तर विनोद प्रसंगात आहे. गेलं तर तो शब्दाच्या धक्क्यावर उभा होता, आणि असे धक्के तिसऱ्या वेळी लागत नाहीत. सिनेमाच्या उत्तरार्धात शिव्या अचानक वाढल्या असतील तर कारण बहुधा हेच. धक्का बोथट झाला, म्हणून डोस वाढवला.

तिसरी बाब परतीची. चांगल्या कॉमेडीत पहिल्या वीस मिनिटांतला एखादा आचरटपणा शेवटी वेगळ्याच अर्थाने परत येतो. मधल्या काळात तो नुसताच पुन्हा पुन्हा येत असेल, त्याच माणसावर आणि त्याच सुरात, तर तो विनोद नव्हे, चिडवणं आहे. वहीत एकाच पात्रापुढे पाच ओळी जमल्या की सावध व्हा.

पार्श्वसंगीताकडेही कान असू द्या. प्रत्येक विनोदानंतर 'टुईंग' वाजत असेल तर दिग्दर्शकालाच खात्री नव्हती.

नेम कोणावर आहे

चावटपणाचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. तमाशातल्या गवळणीत मावशी जे बोलते ते आजही कुठल्या शाळेत म्हणता येणार नाही, आणि बतावणीतला सोंगाड्या तर चारचौघांत सरदाराची लाज काढतो. दादा कोंडक्यांच्या सिनेमात पडद्यावरचा शब्द निरागस असतो आणि वाईट अर्थ प्रेक्षकाच्या डोक्यातून येतो. या परंपरेतला उत्तम विनोद वर मारतो. पाटील, हवालदार, पुढारी, सासरा आणि स्वतः सोंगाड्या हे त्याचे गिऱ्हाईक. किशोरवयीन सिनेमालाही हीच फूटपट्टी लावता येते. प्राचार्य, आगाऊ खेळाडू, श्रीमंत पोरगा किंवा खुद्द नायक तोंडावर आपटत असेल तर घाण कितीही असो, विनोद सशक्त असतो. जो आधीच खाली आहे त्यालाच आणखी आपटत असतील तर ओळीपुढे 'इ' लिहा.

कोण आपटतंय हे नेहमी उघड दिसत नाही. शोधायला दोन युक्त्या आहेत. प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. संवाद कितीही सभ्य असला, तरी कॅमेरा मुलीच्या पायांपासून वर सरकतोय का, ते तेव्हा स्पष्ट दिसतं. मग हसणारे चेहरे कोणाचे दाखवलेत ते बघा. एखादी गोष्ट घडल्यावर कापून जो चेहरा दाखवतात, त्याच्या बाजूने प्रेक्षकाने बघावं अशी योजना असते. घसरगुंडीत अडकलेल्या मुलाचा चेहरा दाखवला तर आपण त्याच्यासोबत असतो. फक्त फोन धरून हसणारे दाखवले तर आपल्याला त्या गर्दीत उभं केलेलं असतं.

सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र सिनेमाबाहेरचा आहे: उद्या हे नाव कोणाला चिकटेल? आपल्या बिल्डिंगमधली मुलं डोळ्यांपुढे आणा. सी विंगमधला जाड मुलगा, बोलताना अडखळणारी मुलगी, सावळ्या रंगावरून आधीच चिडवला जाणारा पोरगा, आवाज न फुटलेला तो बारका. सिनेमातल्या फजितीच्या पात्राला टोपणनाव असेल, ते लांबीला छोटं आणि उच्चारायला मजेशीर असेल, तर रविवारी सिनेमा लागला की सोमवारी लिफ्टमध्ये ते नाव कोणाला तरी चिकटलेलं असतं आणि दहावी होईपर्यंत सुटत नाही. सिनेमाच्या शेवटी त्या पात्राला प्रेयसी मिळाली, टाळ्या पडल्या, याने काही फरक पडत नाही. नाव उरतं, शेवट कोणी लक्षात ठेवत नाही. वर्गातल्या, इमारतीतल्या मुलांसाठी निवडताना हा प्रश्न सर्टिफिकेटच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरा. घरी एकट्या मुलासोबत बघायचा असेल तर त्याचं वजन कमी होतं, कारण तिथे चिकटवायला कोणी नसतं. म्हणून एकच सिनेमा घरी चालतो आणि हॉलमध्ये चालत नाही.

मुलीमुलग्यांचा एकत्र खेळ असेल तर हीच बाब आणखी ताणते. मुलींच्या शरीरावरच्या विनोदाला मुलगे जोरात हसतात, ते बरेचसे एकमेकांना ऐकवायला. मुली हसल्या तरी पंचाईत आणि नाही हसल्या तरी. हीच सगळी मंडळी दुसऱ्या दिवशी एकाच बसने क्लासला जाणार असतात.

लपवलेल्या कॅमेऱ्याच्या प्रसंगांना वेगळं पान द्या. जुन्या कॉमेड्यांत भिंतीला भोक पाडून बघणं ही मर्दुमकी असायची, मग वेबकॅम आला, आता फोन. आपल्याकडे हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. एखाद्या मुलीच्या नकळत तिला खासगी स्थितीत बघणं, टिपणं किंवा ते पसरवणं त्यात येतं. पाठलाग कलम ७८ मध्ये आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदाही लागू होतो. असा प्रसंग आहे म्हणून सिनेमा बाद, असं मात्र नाही. पुढे काय होतं ते बघायचं. पकडले जातात का? मुलीला स्वतःला बोलायला जागा मिळते का, की तिचा राग हाच पुढचा विनोद होतो? नायकाला त्यातून फायदा होतो का? पकडला गेला, काहीतरी गमावलं आणि मुलीची बाजू दिसली, तर तोच प्रसंग नंतरच्या गप्पांचा सगळ्यात चांगला विषय ठरतो. तिने शेवटी हसून माफ केलं आणि दोघं नाचायला गेले, तर लावू नका. प्यायलेल्या मुलीचे प्रसंग आणि 'हिला पटवून दाखव' छापाच्या पैजा याच तराजूत घाला.

शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या माफीला फार भाव देऊ नका. या सिनेमांचा साचाच असा आहे की तासभर टिंगल करायची आणि मग व्हायोलिन वाजवून 'प्रत्येकजण सुंदर असतो' म्हणायचं. माफी किती मिनिटं आणि टिंगल किती मिनिटं, वहीत दोन्ही आकडे समोरच असतात.

ठरवायचं कसं

बेरीज-वजाबाकीचा मोह टाळा. लाज आणि किळस यांच्या ओळी कितीही असल्या तरी त्यांनी फक्त वय ठरतं. कमी असतील तर आठवीपासून, जास्त असतील तर दहावीच्या पुढे. मिश्र वयाचा खेळ असेल तर सगळ्यात लहान मुलाचं वय धरायचं, सरासरी काढायची नाही. इजेच्या ओळींवर मात्र दाखवायचा की नाही, हे ठरतं. एखादी असेल आणि सिनेमा स्वतः तिचा हिशेब करत असेल, तर दाखवा आणि नंतर दहा मिनिटं बोला. हिशेब न केलेल्या दोन-तीन असतील तर दुसरा सिनेमा शोधा. आणि पूर्ण सिनेमात तुम्हाला पाच वेळासुद्धा हसू आलं नसेल, तर बाकी काही बघायची गरज नाही. कंटाळवाणा सिनेमा लावला की मुलं मागे बसून स्वतःचे विनोद सुरू करतात, आणि त्यांच्या तुलनेत पडद्यावरचे सात्त्विक असतात.

शक्य असेल तर एक बाई आणि एक पुरुष, दोघांनी वेगवेगळं बघून वह्या जुळवा. फरक बहुतेक 'इ'च्या रकान्यात निघतो.

खेळाच्या दिवशी

हॉलमध्ये किंवा गच्चीवर पडदा लावून दाखवणं हे घरगुती बघणं नव्हे. ओटीटीचं खातं घरच्या वापरापुरतं असतं. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची किंवा त्याच्या वितरकाची परवानगी काढावी लागते. ती कामं दोन-तीन आठवडे आधी सुरू करा.

एखादा प्रसंग वगळायचाच असेल तर मुलांसमोर पट्टी ओढत पुढे नेऊ नका. ओढताना पट्टीवर छोटी चित्रं दिसतात आणि जे लपवायचं तेच प्रोजेक्टरवर आठ फूट रुंद होऊन सगळ्यांना दिसतं. शिवाय पळवलेला प्रसंग मुलं घरी जाऊन हमखास शोधतात. दोनपेक्षा जास्त ठिकाणी पळवावं लागत असेल तर तो सिनेमा या गटासाठी नाहीच. ऑटोप्ले आधीच बंद करा, नाहीतर श्रेयनामावली सरकते न सरकते तोच भलत्याच सिनेमाची झलक सुरू होते. आणि लॅपटॉप ज्याचा आहे त्याने आपलं प्रोफाइल उघडं ठेवू नये. 'पुढे पाहा'च्या रांगेत काय आहे ते अख्ख्या सोसायटीला कळायची गरज नाही.

पालकांच्या ग्रुपवर दोन दिवस आधी निरोप टाका. 'सिनेमा चांगला आहे, पाठवा' यातून काही कळत नाही. असं लिहा: "शनिवारी संध्याकाळी शाळेतल्या मुलांवरची कॉमेडी, ९६ मिनिटं, इंग्रजी, सबटायटलसह. यूए १३+. शिव्या आहेत, बहुतेक सौम्य, एक कडक. ओकारीचे दोन प्रसंग. बाप-मुलगा लैंगिक शिक्षणावर बोलतात, उघडं काही नाही. एका मुलीचा फोटो तिच्या नकळत पसरवला जातो, तो करणारा पकडला जातो, त्यावर नंतर मुलांशी बोलणार आहोत. नववी ते बारावीसाठी. पाठवायचं नसेल तर कळवा, कारण विचारणार नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्याशिवाय न पाठवणारे पालक गप्प राहतात आणि सोमवारी तक्रार येते.

गच्चीवर असेल तर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. ९६ मिनिटांचा सिनेमा, पंधरा मिनिटांचं मध्यंतर, वीस मिनिटांच्या गप्पा आणि आपली नेहमीची अर्ध्या तासाची दिरंगाई धरली तर निरोपात सव्वासात लिहा. जून ते सप्टेंबर असेल तर हॉलच बरा.